विचर ३ मधलं नोविग्राड: घोड्यावरून उतरून बघायचं शहर

विचर ३ या व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत. लढाई कशी आहे, स्टोरी कशी आहे, गेराल्टचा आवाज किती भारी आहे, सगळं लिहून झालंय. मी इथे फक्त एकाच गोष्टीबद्दल लिहिणारे, त्यातलं नोविग्राड नावाचं शहर. माझं स्पष्ट मत आहे की हा गेम घ्यायचा तर या शहरासाठी घ्यावा, आणि खेळणारे बरेच जण नेमकं तेच घाईघाईत उरकतात. साइनपोस्ट, म्हणजे जिथून एका क्लिकवर लांब उडी मारता येते तो वाटेवरचा खांब, गाठायचा, मॅपवर क्लिक करायचं, लोडिंग संपलं की पिवळ्या खुणेकडे पळत सुटायचं, क्वेस्ट, म्हणजे गेमने दिलेली कामगिरी, संपली की परत साइनपोस्ट. असं खेळलात तर शंभर तास खेळूनही नोविग्राड बघितलेलं नसतं.

ज्यांनी गेम हातातच घेतला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा हा गेम १९ मे २०१५ ला आला, त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर यालाच मिळालं, मग हार्ट्स ऑफ स्टोन आणि ब्लड अँड वाइन ही दोन एक्स्पान्शन्स, म्हणजे गेमला जोडलेल्या जादा गोष्टी, आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ज्यांच्याकडे गेम होता त्यांना नेक्स्ट-जेन अपडेट, म्हणजे नव्या मशीनसाठी सुधारलेली आवृत्ती, फुकट मिळालं. २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं की एकट्या या गेमच्या ५ कोटींहून जास्त प्रती गेल्यात. गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस, त्यालाच विचर म्हणतात, आणि मुलीसारखी वाढवलेली सिरी शोधत तो या शहरात येतो. बास, एवढं पुरे.

आता शहर. नोविग्राडला खालून, म्हणजे वेलेनकडून या, हे आधी सांगतो. वेलेन म्हणजे युद्धाने पार धुऊन काढलेला मुलूख, दलदल, ओस पडलेली गावं, झाडाला लटकणारी प्रेतं, माणसं उपाशी. पाँटार नदी ओलांडायला सैनिक परवाना मागतात, तो नसेल तर अडवतात, आणि त्या अडवण्यामुळेच पलीकडे काहीतरी मोठं आहे हे खेळणाऱ्याच्या मनात बसतं. नदीपलीकडे आलं की हळूहळू शेतं दिसायला लागतात, गाड्या दिसतात, रस्ता रुंद होतो, आणि मग झाडांच्या वरून बुरुज आणि लाल कौलं दिसतात. इथे कुठलाही कटसीन, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेला छोटा सिनेमा, नाही, कुणी सांगत नाही की बघा आलं शहर, तरीही पोटात गोळा येतो. वेशीतून आत जाताना लोडिंगही नाही, घोडा सरळ बाहेरच्या चिखलातून आतल्या फरशीवर येतो. २०१५ मध्ये हे करून दाखवणं सोपं काम नव्हतं, आणि आजही कितीतरी मोठे गेम शहराच्या दाराशी काळा पडदा टाकतात.

पण आत जायची घाई करू नका. तटबंदीच्या बाहेर फारकॉर्नर्स नावाची वस्ती आहे, अगदी आपल्या शब्दात सांगायचं तर गावकुसाबाहेरची. मोडकी घरं, डुकरं, चिखल, ज्यांना आत जागा परवडत नाही असे लोक. इथे महत्त्वाची क्वेस्ट फारशी नाही म्हणून लोक घोडा दामटत निघून जातात, आणि त्यांना पुढच्या श्रीमंत भागांचा अर्थच लागत नाही. या शहराची सगळी रचना पैशाच्या उतरंडीवर उभी आहे आणि उतरंड बघायची तर सगळ्यात खालचं मडकं आधी बघायला लागतं.

भिंतीच्या आत आल्यावर द बिट्स लागतं, तेही गरिबांचंच, पण इथली गरिबी वेगळी आहे, दाटीची. घरांचे वरचे मजले खालच्यापेक्षा पुढे आलेले, लाकडी सांगाडा आणि मध्ये विटा किंवा गिलावा, त्यामुळे गल्लीत वर बघितलं तर आकाशाची नुसती पट्टी दिसते. उत्तर युरोपातल्या जुन्या व्यापारी बंदरांमध्ये, ग्दान्स्क किंवा ल्यूबेक म्हणा, विटांच्या उंच इमारती आणि टोकदार दर्शनी भिंती आजही बघायला मिळतात, त्या घराण्यातलं हे शहर आहे. खाली पाणी, गटार, कुणीतरी खिडकीतून ओरडतंय, पोरं पायात येतायत. पाऊस आला की लोक वळचणीला पळतात. पुण्याच्या जुन्या पेठांत जसं एका बोळातून शिरून भलत्याच रस्त्यावर बाहेर पडतो तसं इथे सतत होतं, आणि मला ते प्रचंड आवडतं, कारण कुणीतरी टेबलावर बसून चौकोन आखून काढलेलं हे शहर वाटतच नाही, हळूहळू वाढत गेलेलं वाटतं.

आणि मग हायरार्क स्क्वेअर. इथे थांबून लिहितो कारण माझ्या मते सगळ्या गेमची नाडी या चौकात आहे. मोठा फरसबंदी चौक, दुकानं, बाजूला व्हिव्हाल्डी बँक, म्हणजे एका ड्वॉर्फ (बुटक्या जमातीच्या) घराण्याची पेढी. वेलेनमध्ये आणि इतर ठिकाणी सापडलेली परकी नाणी, ओरेन आणि फ्लोरेन, इथे क्राउनमध्ये बदलून मिळतात, आणि मॅनेजरसाहेबांशी ग्वेंटचा पत्त्यांचा डावही टाकता येतो. किती साधी गोष्ट आहे बघा, पण नाणी बदलायची पेढी ठेवली की हे बंदर आहे, इथे चार देशांचा पैसा येतो, हे न सांगता कळतं. जवळच किंगफिशर नावाची खानावळ, तिथे प्रिसिला गाते तो प्रसंग तर गेम न खेळलेल्यांनीही ऐकलेला असतो. बाजार, बँक, गाणं. आणि याच चौकात माणसं जिवंत जाळतात.

गेराल्ट पहिल्यांदा चौकात येतो तेव्हाच चिता पेटलेली असते. इटर्नल फायर नावाचा पंथ शहरावर राज्य करतो, त्यांचे विच हंटर जादूगार आणि माणूस नसलेल्या जमातींच्या लोकांना शोधून काढतात, आणि शिक्षा होते ती भर बाजारात. पेढीतला ड्वॉर्फ जिथून धंदा करतो तिथून ती जागा काही पावलांवर आहे. लेखकांनी हे लांब डायलॉगमध्ये सांगितलं असतं तर मी स्किप केलं असतं, पण दोन्ही गोष्टी एकाच चौकात ठेवल्या, आणि मला नाणी बदलायला पुन्हा पुन्हा तिथेच जायला लागतं, बाजूला काळे पडलेले खांब दिसतात आणि लोक भाजी घेत असतात. सगळ्यात वाईट म्हणजे थोड्या वेळाने मीही खांबांकडे बघणं बंद करतो. शहराची हवा अंगात भिनणं म्हणजे काय हे मला दुसऱ्या कुठल्या गेमने इतकं नीट दाखवलेलं नाहीये.

पुढचं वाक्य स्पॉयलर आहे, नको असेल तर हा पॅरा सोडा. ट्रिस नावाच्या जादूगारणीच्या क्वेस्टमध्ये जादूगारांना शहराबाहेर काढायला मदत केली की मनात येतं, चला, सुटले बिचारे. पण जाळणारे हात रिकामे बसत नाहीत, जादूगार संपले म्हटल्यावर त्यांचा सगळा रोख एल्फ आणि ड्वॉर्फ लोकांकडे वळतो. आधी ज्या गल्ल्यांतून फिरलो त्याच गल्ल्यांत परत गेलं की फरक जाणवतो. एक शिकार संपली म्हणून शिकार थांबत नाही, हे चौकात उभं राहून कळतं, कुठल्या खलनायकाच्या भाषणातून नाही.

हे जादूगार लपतात कुठे तर पुट्रिड ग्रोव्हमध्ये. भिंतींच्या आतच भिकाऱ्यांच्या राजाची ही वस्ती आहे, दाराशी पहारा, ओळख पटल्याशिवाय प्रवेश नाही. घाण, अंधार, फुटकी छपरं, आणि शहरातली सगळ्यात सुरक्षित जागा ही. एकेकाळी राजेलोकांना सल्ला देणारी जादूगारीण ट्रिस इथे पोट भरायला गोदामातले उंदीर मारायची कामं घेते. जागा आणि माणूस यांची अशी जोडी लावली की पात्राबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

टेम्पल आयल मात्र बरोबर उलटं. पुलावरून बेटावर चढत जायचं, रस्ता रुंद, गर्दी कमी, पहारेकरी जास्त, आणि वर इटर्नल फायरचं मोठं मंदिर आणि त्याच्या मनोऱ्यावरची आग. ती आग लांबून दिसते, समुद्रावरून दिसते, रात्री गल्लीच्या टोकाला अचानक दिसते. रस्ता चुकलात तर तिच्याकडे बघून दिशा लावता येते, मिनीमॅपची, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाची, गरज नाही. म्हणजे ज्या आगीच्या नावाने लोकांना जाळतात तीच आग वाट चुकलेल्याला वाट दाखवते, आणि शहर आखणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय याबद्दल मला तरी शंका नाही. संध्याकाळी बेटावर चढा, वरून सगळी कौलं, बंदर, बाहेरची शेतं एका नजरेत येतात आणि मगाशी खाली फिरलेले बोळ ओळखायला मजा येते.

श्रीमंत भाग, गिल्डॉर्फ आणि सिल्व्हर्टन, मला तितके भावले नाहीत. दगडी घरं, स्वच्छ रस्ते, छान बागा, उंची कपडे घातलेली माणसं, पण फिरायला कारण कमी. गिल्डॉर्फमधलं पॅसिफ्लोरा हे महागडं वेश्यागृह मात्र लक्षात राहतं, तिथे ग्वेंटची मोठी टूर्नामेंट होते, पैसे लावून खेळायची, आणि पत्त्यांचा नाद असेल तर ती अजिबात सोडू नका.

बंदराकडे या. माझा आवडता भाग हाच. धक्क्यावर गलबतं, पेट्या, पिंपं, मासळी बाजार, दारू पिऊन पडलेले खलाशी. स्केलिगे बेटांवर जायचं तर गोल्डन स्टर्जन नावाच्या गुत्त्यात बसलेला कप्तान गाठायचा, तो १००० क्राउन मागतो, आणि तेव्हा खिशात तेवढे नसतील तर परत राक्षसांची कंत्राटं घ्यायची. पैशाचं महत्त्व शिकवायची ही फार छान पद्धत आहे. शहरात फिरताना कधीतरी हात्तोरीचं दुकान सापडतं. हात्तोरी एल्फ आहे, एके काळचा नामांकित तलवारी बनवणारा, आणि आता बिचारा डम्पलिंग विकतोय, कारण तलवारींच्या धंद्यावर ज्यांची पकड आहे ते त्याला उभं राहू देत नाहीत. त्याची छोटी साइड क्वेस्ट आहे, ती संपवली की तो परत भट्टी पेटवतो आणि उत्तम तलवारी बनवून देतो. खंडणी, परवानगी, कुणाच्या हद्दीत कुणी धंदा करायचा, शहराचं सगळं अर्थकारण या एका डम्पलिंगवाल्याच्या गोष्टीत येतं. मेन स्टोरीत याची गरज नाही, त्यामुळे घाईत खेळणाऱ्याला हात्तोरी भेटतच नाही. वाईट वाटतं मला याचं.

शहर खरं चालवतात कोण, तर चौघे टोळीप्रमुख. भिकाऱ्यांचा राजा, ड्वॉर्फ असलेला क्लीव्हर, होअरसन ज्युनियर नावाचा अत्यंत क्रूर माणूस, आणि डाइक्स्ट्रा, जो पूर्वी हेरखात्याचा प्रमुख होता आणि आता हमामखाना चालवतो. हमामखान्यात जाताना गेराल्टला कपडे, तलवारी सगळं बाहेर ठेवून टॉवेल गुंडाळून जायला लागतं, म्हणजे शहरातले सगळ्यात धोकादायक लोक भेटतात तिथे कुणाकडेच शस्त्र नाही. काय जागा निवडलीय! या चौघांचा प्रत्येकाचा अड्डा वेगळा, प्रत्येकाची माणसं वेगळी, आणि दोनचार क्वेस्ट झाल्यावर मॅपवरच्या भागांच्या नावांऐवजी ही हद्द कुणाची ती हद्द कुणाची असं डोक्यात बसतं. शिवाय खाली गटारांचं आणि भुयारांचं जाळं आहे, तिथे राक्षस आहेत, पण ते खालून वरच्या वाड्यांपर्यंत पोचायला वापरणारे चोरही आहेत. विल्मेरियस हॉस्पिटल आणि तिथला शवागाराचा भाग एका खुनांच्या तपासात येतो, ती क्वेस्ट रात्री एकट्याने खेळू नका एवढंच सांगतो, पुढचं सांगून मजा घालवत नाही.

अजून एक गोष्ट. नोविग्राड हे कुठल्याच राजाच्या ताब्यात नाही, ते स्वतंत्र शहर आहे, आणि उत्तरेचा राडोविड आणि दक्षिणेचं निल्फगार्ड दोघांनाही त्याची तिजोरी आणि जहाजं हवीयत. म्हणून इथे युद्ध दिसत नाही पण त्याची छाया सगळीकडे आहे, निर्वासित येतात, हेर येतात, भाव वाढतात. बाहेर आग लागलीय आणि आत धंदा जोरात, असं हे शहर आहे.

आता खटकतं ते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे बंद दारं. शेकडो घरं आहेत पण आत जाता येईल अशी त्या मानाने फार थोडी, बाकी दर्शनी भिंतीच. एवढ्या सुंदर गल्लीत चार दारं ओढून बघितली आणि चारही चित्रातली निघाली की शहराचा भास तुटतो. रस्त्यावरच्या लोकांची वाक्यंही मोजकीच आहेत, तीच शिवी तोच टोमणा दहा वेळा कानावर पडतो, चेहरेही फिरून तेच येतात. शहरातल्या लोकांना स्वतःचा दिवस असल्यासारखं लांबून वाटतं, पण एकाच माणसामागे तासभर फिरलात तर तो फार काही करत नाही. आणि विचर सेन्समधल्या, म्हणजे गेराल्टच्या तीक्ष्ण नजरेने दिसणाऱ्या, त्या लाल खुणा, तपास म्हणजे लाल पाऊलखुणांमागे जमिनीकडे बघत चालणं, त्यात आजूबाजूचं शहर दिसेनासं होतं, ज्यांनी एवढं शहर उभं केलं त्यांनीच खेळणाऱ्याची मान खाली घालायला लावावी हे मला पटत नाही.

ब्लड अँड वाइनमधलं बोक्लेर शहर आहे ना, त्याच्याशी तुलना नेहमी होते. बोक्लेर रंगीत आहे, टेकडीवरचा राजवाडा, द्राक्षमळे, ऊन, स्क्रीनशॉट तिथे जास्त छान येतात हे मान्य. पण मला तिथे पाहुणा आल्यासारखं वाटतं. नोविग्राडमध्ये कुठला बोळ टाळायचा, कुणासमोर तलवार काढायची नाही, पहारेकऱ्याच्या देखत कुठली पेटी उघडायची नाही, हे अंगवळणी पडतं, आणि मग ते शहर आपलं होतं. दोन्हीतलं एक निवड म्हणाल तर मी डोळे झाकून नोविग्राड.

आता खेळायचं कसं. सेटिंगमध्ये मिनीमॅप बंद करा, २०२२ च्या अपडेटनंतर तर लढाई नसताना तो आपोआप लपेल असंही करता येतं. घोडा वेशीबाहेर सोडा, पळू नका, चाला, आणि शहरातल्या शहरात फास्ट ट्रॅव्हल करायचं नाही असं ठरवून टाका. पहिले एकदोन तास वाट सापडत नाही आणि चिडचिड होते, मग मंदिराची आग, बँक, पूल, बंदराचा उतार असं धरून रस्ते बसायला लागतात. एकदा दिवसा आणि एकदा मध्यरात्री तोच रस्ता चाला, दोन वेगळी शहरं आहेत. फोटो मोडही त्याच अपडेटमध्ये आलाय, सकाळच्या धुक्यात बंदरावर वापरून बघा.

मशीनबद्दल विचारणार म्हणून सांगतो, नोविग्राड हा या गेममधला जड भाग आहे, कारण गर्दी, त्यामुळे बाहेर जंगलात मिळणारे फ्रेम इथे मिळत नाहीत, प्रोसेसरवर ताण येतो. पीसीवर गेम सुरू करताना डायरेक्टएक्स (ग्राफिक्स चालवणारी प्रणाली) ११ की १२ असं विचारतो, साधा गेमिंग लॅपटॉप असेल तर ११ घ्या आणि रे ट्रेसिंगचा, म्हणजे खऱ्यासारखा प्रकाश दाखवणाऱ्या सेटिंगचा, मोह सोडा, ते फक्त १२ वर चालतं आणि तगडं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हायरार्क स्क्वेअर अडखळत चालतो. गर्दीची सेटिंग एक पायरी खाली आणली तरी फरक पडतो, पण एकदम लो करू नका, रिकामं नोविग्राड बघण्यात काहीच अर्थ नाही. डिस्कवर ५० जीबी मोकळी ठेवा. निन्टेन्डो स्विचवरही गेम चालतो, २०१९ पासून, पण तिथे चित्र बरंच धूसर आहे आणि या शहराची खरी गंमत बारीक कामात आहे, त्यामुळे दुसरा पर्याय असेल तर तो घ्या.

घ्यायचा तर कम्प्लीट एडिशन घ्या, दोन्ही एक्स्पान्शन्स त्यात येतात, आणि हार्ट्स ऑफ स्टोनमध्ये नोविग्राडमधल्या एका लिलावघरावर दरोडा घालायची अफलातून क्वेस्ट आहे, तिच्यामुळे शहरात परत यायला कारण मिळतं. पूर्ण किमतीत घ्यायची गरज नाही, स्टीम आणि जीओजी या गेमच्या ऑनलाइन दुकानांवर सेल लागला की हा गेम भरपूर सूट देऊन विकतात, विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. मराठी किंवा हिंदी सबटायटल नाहीत, इंग्लिश वाचायची तयारी हवी आणि वाचायला खूप आहे. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच लावा, रेटिंग १८ वर्षांवरचं आहे आणि चौकातल्या चितेचा प्रसंग त्यांनी बघू नये असाच आहे.

शहराला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या बंद दारांसाठी कापला.